मे डे शिकागोचा, सुट्टी सप्टेंबरची

अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. लेबर डे. लालबागच्या चाळीत वाढलेल्या आणि आजोबांना गिरणीच्या भोंग्यावर पळताना बघितलेल्या माणसाला हे पटायला जरा वेळ लागतो, कारण आमच्या डोक्यात कामगार दिन म्हणजे १ मे, लाल बावटा आणि रणरणत्या उन्हातल्या घोषणा. बरं, १ मेची ही तारीख जगाला दिली कोणी तर शिकागोने, आणि मी राहतो तेही शिकागोच्याच एका उपनगरात, आणि इथे १ मेला अक्षरशः काहीही नसतं. ऑफिस चालू, शाळा चालू, कचऱ्याची गाडीसुद्धा ठरल्या वेळेला. एकदा जेवताना सहज विषय काढला तर टीममधला एक जण म्हणाला, ते रशियाचं ना, रणगाड्यांची परेड वगैरे? हा गडी जन्मापासून शिकागोत.

मग सप्टेंबरच्या त्या सोमवारी काय असतं? खरं सांगू का, उन्हाळ्याची उत्तरपूजा असते. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे येतो तेव्हा उन्हाळा बसला असं धरतात आणि लेबर डेला उठला. गावातला सार्वजनिक स्विमिंग पूल त्यानंतर बंद. शेजारीपाजारी ग्रिल पेटवून बर्गर, सॉसेज, मक्याची कणसं भाजतात, ज्यांच्याकडे बोट आहे ते ती तळ्यातून एकदा शेवटची फिरवून आणतात, कॉलेज फुटबॉलचा सीझन सुरू झालेला असतो त्यामुळे टीव्ही दिवसभर चालू, आणि सेल! सगळ्यात जास्त सेल गाद्यांचे. कामगार दिनाला गाद्याच का, हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. लेबर डेनंतर पांढरे कपडे घालायचे नाहीत असाही एक जुना नियम आहे, उन्हाळा हवेशीर ठिकाणी घालवून शहरात परतणाऱ्या पैसेवाल्या घरांतला, आता कोणी पाळत नाही पण त्यावरचा विनोद मात्र दरवर्षी कोणीतरी करतंच. कामगार हा शब्द या सगळ्यात कुठे येत नाही, फार तर राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनात. डेट्रॉइटसारख्या युनियनवाल्या शहरात अजून परेड निघते, पण आमच्या उपनगरात परेड पाहिजे असेल तर ४ जुलैपर्यंत थांबा.

मला आधी वाटायचं की हा सगळा सरकारी कावा आहे, १ मेचं रक्त पुसायला सप्टेंबरची सुट्टी शोधून काढली. इथले डावे लोक असंच सांगतात आणि गोष्ट ऐकायला झकास आहे. पण सप्टेंबरचा दिवस मे डेच्या चार वर्षं आधीचा आहे, आणि तो सरकारने नाही, कामगारांनीच काढलाय.

५ सप्टेंबर १८८२, मंगळवार, न्यूयॉर्क. सेंट्रल लेबर युनियन नावाच्या संघटनेने ठरवलं की शहरातल्या सगळ्या धंद्यांतल्या कामगारांनी त्या दिवशी काम सोडून मिरवणूक काढायची. लक्षात घ्या, सुट्टी नव्हती. सरळ खाडा करायचा होता. दिवसाचा रोज बुडणार, आणि मालकाच्या डोळ्यावर आलात तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतील का नाही याचा भरवसा नाही. म्हणून सकाळी सिटी हॉलपाशी काय चित्र होतं, तर मिरवणुकीचा प्रमुख विल्यम मॅककेब तयार उभा, बघे भरपूर, पोलीस भरपूर, आणि चालणारे मोजके. बँडही नाही. रद्द करून टाका असे सल्ले सुरू झाले. एवढ्यात मॅथ्यू मॅग्वायर नावाचा युनियनचा सेक्रेटरी धावत आला आणि म्हणाला, न्यूअर्कचे दागिने घडवणारे दोनशे कारागीर फेरीने आत्ताच नदी ओलांडून आलेत आणि त्यांच्याकडे बँड आहे! झालं, बँड वाजायला लागला, मागून विटा रचणारे आले, एकेक धंदा सामील होत गेला आणि युनियन स्क्वेअरला पोचेपर्यंत आकडा दहा हजारांच्या घरात गेला. मला ही गोष्ट फार आवडते. वाजंत्री आल्याशिवाय माणूस मिरवणुकीत शिरत नाही हे लालबागवाल्याला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर सगळे ९२व्या रस्त्यावरच्या एल्म पार्कमध्ये पिकनिकला. बायकापोरं, भाषणं, सिगार आणि जिथे जागा मिळेल तिथे मांडलेली बिअरची पिंपं. म्हणजे बर्गर आणि बिअरची जी परंपरा आज चाललीय ती भ्रष्ट वगैरे नाही, पहिल्या दिवसापासूनची आहे. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाने मंगळवारी भरदुपारी झाडाखाली बसून बिअर प्यायची, हीच तर मागणी होती!

ही कल्पना मुळात कोणाची यावर अजून वाद आहे आणि वाद घालायला नावंही काय मिळालीत बघा, एक मॅग्वायर आणि एक मॅग्वायर, स्पेलिंग तेवढं वेगळं. पीटर हा सुतारांच्या युनियनचा पुढारी, मवाळ, पुढे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरच्या संस्थापकांपैकी एक. मॅथ्यू हा मशिनिस्ट, पक्का समाजवादी, १८९६ मध्ये सोशलिस्ट लेबर पार्टीकडून उपाध्यक्षपदाला उभा राहिलेला. श्रेय वर्षानुवर्षं पीटरला मिळालं. मला त्यात नवल वाटत नाही, राष्ट्रीय सणाचा जनक म्हणून समाजवाद्याचा फोटो कोण लावणार.

१८८४ पासून दिवस पहिल्या सोमवारवर गेला, १८८७ मध्ये ओरेगनने राज्याची अधिकृत सुट्टी केली आणि मग एकेक राज्य करत गेलं. त्या मधल्या काळात शिकागोत जे घडलं त्यामुळे सगळंच बदललं.

कामाचे तास आठ पाहिजेत ही मागणी. १ मे १८८६ ही मुदत दोन वर्षं आधीच ठरवलेली. त्या दिवशी शिकागोत हजारो कामगार रस्त्यावर आले आणि शांततेत घरी गेले. ३ तारखेला मॅककॉर्मिकच्या शेती-यंत्रांच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याच्या निषेधाची सभा ४ मेला संध्याकाळी हेमार्केट चौकाजवळ. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन ऐकून गेला, जाताना पोलिसांना सांगून गेला की काही गडबड नाही. पाऊस येणार असं दिसायला लागल्यावर लोकही पांगले. शेवटचा वक्ता सॅम्युअल फील्डन गाडीवर उभा राहून भाषण संपवतच होता तेवढ्यात पोलिसांची मोठी तुकडी आली, पांगा म्हणाली, आणि कोणीतरी बॉम्ब टाकला. पोलिसांनी अंधारात गोळ्या झाडल्या. सात पोलीस गेले, निदान चार नागरिक गेले. बॉम्ब कोणी टाकला हे आजतागायत कळलेलं नाही, पण कामगार चळवळीतल्या आठ जहाल कार्यकर्त्यांवर खटला चालला, त्यातले बरेच जण त्या वेळी तिथे नव्हतेच. ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगल या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी, लुई लिंगने आदल्या दिवशी कोठडीतच जीव दिला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्डने सोडलं आणि लिहूनच टाकलं की खटला न्यायाने चालला नाही. त्याचं राजकारण त्यानंतर फार काळ टिकलं नाही.

ती जागा आता बघायला गेलात तर आधी सापडत नाही. डेसप्लेन्स रस्ता, रँडॉल्फच्या जरा वर. सगळा भाग आता वेस्ट लूप म्हणून एकदम भारी झालाय, रँडॉल्फवर ओळीने महागडी हॉटेलं, थोडं पश्चिमेला गेलं की गूगल आणि मॅकडोनाल्ड्सची मोठमोठी ऑफिसं. रस्त्याच्या कडेला एक लालसर रंगाचं शिल्प आहे, २००४ मध्ये बसवलेलं, मेरी ब्रॉगर या शिल्पकर्तीचं. गाडी, तिच्यावर बोलणारा माणूस, खाली गाडीला धरलेले लोक, चेहरे कोणालाच नाहीत. चौथऱ्यावर जगभरातल्या कामगार संघटनांनी आणून लावलेल्या पाट्या. मी गेलो तेव्हा एक डिलिव्हरीवाला पोरगा सायकल त्याच चौथऱ्याला टेकवून फोनवर पुढची ऑर्डर बघत उभा होता. त्याला विचारावंसं वाटलं की हे कशाचं आहे माहितीय का, पण त्याच्या ऑर्डरचं घड्याळ चालू असणार, म्हणून गप्प बसलो.

पण आधी इथे वेगळाच पुतळा होता, पोलिसाचा. १८८९ मध्ये बसवला. पुढे तो दुसरीकडे हलवला, तिथे १९२७ मध्ये एका ट्रामने रूळ सोडून त्याला धडक दिली. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या जहाल पोरांनी तो बॉम्बने उडवला, दुरुस्त करून परत उभा केला तर १९७० मध्ये परत उडवला, मग महापौराने त्याला चोवीस तास पहारा लावला. पुतळ्याला पहारा! शेवटी उचलून नेला, आता पोलीस मुख्यालयात आहे. फाशी गेलेल्यांचं स्मारक मात्र शहराबाहेर फॉरेस्ट पार्कच्या कबरस्तानात, १८९३ चं, कारण शहरात त्यांना कोणी जागा देईना. ब्लू लाइनच्या शेवटच्या स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

१८८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली तिथे ठरलं की पुढच्या वर्षीपासून १ मेला सगळ्या देशांत आठ तासांसाठी निदर्शनं करायची. पहिला आंतरराष्ट्रीय मे डे म्हणजे १ मे १८९०. आता योगायोग बघा, त्याच्या आठवडाभर आधी, २४ एप्रिल १८९० ला मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची दहा हजारांची सभा घेतली, दोन कामगार बायका तिथे भाषणाला उभ्या राहिल्या, मागणी काय तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या. १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला. पॅरिसच्या ठरावाचा याच्याशी काही संबंध नाही, लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक मुशीतले, त्यांचं स्वतःचं चाललेलं होतं. पण आज आपण रविवारी दुपारी मटण खाऊन आडवे होतो तो रविवार साहेबाने चर्चला जायला दिला असं समजणारी माणसं मला अजून भेटतात, त्यांना हे सांगावं लागतं.

परत अमेरिकेत. १८९४. शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन या रेल्वेचे शयनयान डबे बनवणाऱ्या मालकाने स्वतःच्या नावाचं गाव वसवलं होतं. विटांची देखणी घरं, लायब्ररी, बाजार, सगळं. घर कंपनीचं, भाडं पगारातून कापून. चर्चसुद्धा भाड्याने द्यायचं, आणि भाडं एवढं की चर्च बरीच वर्षं रिकामंच पडलं होतं. १८९३ ला मंदी आली, पुलमनने पगार कापले आणि घरभाडं एक सेंटही कमी केलं नाही. भाडं वळतं करून हातात पडणारा चेक बघून माणसं तिथेच रडायची. ११ मे १८९४ ला संप, मग यूजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने २६ जूनपासून पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला आणि देशाची अर्धी रेल्वे ठप्प.

राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंडने लेबर डेच्या राष्ट्रीय सुट्टीवर सही केली २८ जूनला. सगळीकडे असं लिहितात की आधी सैन्य पाठवून संप चिरडला आणि मग लोकांचा राग शांत करायला सुट्टी देऊन टाकली. तारखा लावून बघा, जुळत नाहीत. सही आधी, सैनिक जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे सुट्टी दिली आणि पाचेक दिवसांनी बंदुका पाठवल्या! मला विचाराल तर ही खरी हकिगत त्या प्रचलित गोष्टीपेक्षा जास्त संतापजनक आहे. दंगलीत डझनावारी माणसं मेली, डेब्ज तुरुंगात गेला, संप मोडला. १८९७ ला पुलमन वारला तेव्हा कामगार प्रेत उकरून काढतील या भीतीने घरच्यांनी शवपेटीवर काँक्रीट ओतलं आणि वर पोलादी रूळ टाकले.

यात अजून एक गोष्ट जी लाल झेंडेवाले पटकन सांगत नाहीत. डेब्जच्या युनियनमध्ये काळ्या कामगारांना प्रवेश नव्हता. डेब्जचा स्वतःचा विरोध होता, पण मतदान झालं आणि तो हरला. त्या डब्यांतून गादी घालणारे, बूट पुसणारे पोर्टर सगळे काळे, आणि प्रवासी त्या सगळ्यांना मालकाच्या नावाने जॉर्ज म्हणून हाका मारायचे. त्यांना ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली वेगळी युनियन काढावी लागली, १९२५ मध्ये, आणि कंपनीने करार केला १९३७ मध्ये. बारा वर्षं. जात बघून युनियन करायची सवय फक्त आपल्याकडेच नाही, मुंबईतल्या गिरण्यांत दलित कामगारांना जास्त पगाराच्या विणखात्यात घेत नव्हते आणि सवर्ण कामगार त्यावर गप्प असायचे, हे बाबासाहेबांनी भर संपाच्या काळात विचारलंच होतं.

१ मेची अमेरिकेला एवढी धास्ती की १९५८ मध्ये आयसेनहॉवरच्या काळात त्या तारखेला लॉयल्टी डे करून टाकलं, देशनिष्ठा दिन. आणि मग आपल्याकडे दोन वर्षांनी १ मे १९६०. महाराष्ट्र दिनाने कामगार दिन खोडला असं म्हणता येणार नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार पुढेच होता, हुतात्मा चौकातल्या स्मारकावर मशाल धरलेले दोघं बघा, एक शेतकरी आणि एक कामगार. पण आता १ मेला सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की फेटा, तुतारी, रायगड, गर्जा महाराष्ट्र, आणि कामगार दिन तिरकी रेघ मारून शेवटी. आजोबा होते तोवर आमच्या घरात उलटं होतं. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी जी बंद पडली ती परत त्यांच्यासाठी उघडली नाही, पण १ मेला धुतलेला सदरा घालून ते झेंड्याला जायचेच. कशाला जाता आता, असं आजी दरवर्षी म्हणायची आणि चहा मात्र लवकर ठेवायची.

शिकागोत मे डे परत आला तो बाहेरून आलेल्यांबरोबर. २००६ मध्ये बिनकागदपत्रांच्या लोकांना सरळ गुन्हेगार ठरवणारं एक विधेयक चर्चेत होतं, त्याच्या विरोधात १ मेला लाखो माणसं युनियन पार्कवरून ग्रँट पार्ककडे चालत गेली, बहुतेक मेक्सिकन, त्यांच्या देशात मे डे माहितीचा. कोणाला सुट्टी नव्हती. किचनमधले, बांधकामावरचे, साफसफाईचे, सगळे खाडा करून आलेले. १८८२ सारखंच.

आणि सप्टेंबरच्या सोमवारची सुट्टी तरी नक्की कोणाला आहे? केंद्राचा कायदा फक्त केंद्र सरकारच्या नोकरांपुरता आहे, खाजगी कंपनीने लेबर डेला भरपगारी सुट्टी द्यायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. मी पूर्वी तासाच्या रेटवर कॉन्ट्रॅक्टमध्ये होतो तेव्हा लेबर डेला ऑफिस बंद म्हणून मला त्या दिवसाचे पैसे मिळायचे नाहीत. कामगार दिनाला कामगाराचा रोज बुडतो, आणि तेही त्याने न मागता! पुण्यातली टीम त्या सोमवारी कामावर असते कारण तिकडे सुट्टी नाही, आणि १ मेला त्यांना सुट्टी असते तेव्हा इकडून कोणीतरी मेसेज टाकतं की आज कोणी ऑनलाइन का नाही. दुकानं तर उघडी पाहिजेतच, नाहीतर गाद्या कोण विकणार.

गेल्या वेळी आमच्या मंडळाचा गणपती नेमका याच वीकेंडला आला. हायस्कूलचा हॉल घेतलेला, विसर्जन सोमवारी ठेवलं कारण लोकांना सुट्टी. कोटेशन आलं तर सोमवारच्या रकान्यात कस्टोडियनचा दर दुप्पट. कमिटीत अर्धा तास त्यावरच गेला, आपण सगळे आयटीवाले, घरं पाच बेडरूमची, आणि हॉल उघडून देणाऱ्या, खुर्च्या लावणाऱ्या, गुलाल झाडणाऱ्या माणसाच्या दुप्पट पैशावर चर्चा. खजिनदारांनी शाळेत फोन करून घासाघीस करून बघितली. तिकडची बाई म्हणाली, सर, युनियनच्या करारात आहे, लेबर डेला दुप्पट, आमच्या हातात नाही. मी म्हटलं बघा, ही एक गोष्ट आज कामगार दिनासारखी झाली, तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच युनियनचा माणूस आहे. एकाने सुचवलं, विसर्जन रविवारी उरकू, दीड दिवसाचे असतातच की गणपती. दुसरा म्हणाला, खुर्च्या आपणच लावू, त्याला बोलवायचंच नाही. तेही करारात बसत नव्हतं.

विसर्जन सोमवारीच झालं. तो माणूस सकाळी सातला आला, रात्री नऊला कुलूप लावून गेला, ढोल-ताशाचा व्हिडिओ काढून बायकोला पाठवला, आणि मंडळाने बिल पूर्ण भरलं. खजिनदारांनी हिशेबात ती रक्कम 'इतर' खाली टाकलीय.